पोरबंदर ते दहेज, मुद्दाम सावकाश

बडोदे स्टेशनवर मला सोडायला आलेल्या माझ्या नवऱ्याने गाडी सुटेपर्यंत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, "अगं, पण तुला पोहता कुठे येतं?" मला पोहता येत नाही हे त्याला लग्नापासून माहीत आहे. आम्ही शिर्के मंडळी संस्थानच्या फौजेबरोबर घोड्यावर बसून या शहरात आलो आणि इथलेच झालो. पाण्याशी आमचा संबंध सूरसागर तलावाच्या काठावर बसून शेंगा खाण्यापुरता. त्यातली एक बाई वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मालवाहू जहाजावर बसायला निघाली, म्हटल्यावर नवऱ्याला काळजी वाटणारच. मी त्याला सांगितलं, "पोहायला नाही जात मी, तेल मोजायला जातेय." गाडी हलली तेव्हा त्याने खिडकीतून लीलो चेवडोची (बडोद्याचा प्रसिद्ध ओलसर चिवडा) पिशवी आत सरकवली. एवढ्या चेवड्यात अख्खं जहाज जेवलं असतं.

तेल मोजणं हा माझा धंदा आहे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझा लहानसा कारखाना आहे. पाइपातून किती तेल, किती रसायन गेलं ते सांगणारी मीटर आम्ही बनवतो. आधी ती बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांतच जायची. अलीकडे जहाजवालेही विचारायला लागले, कारण जहाजाने किती धूर सोडला याचा हिशोब आता माल घेणारे मागतात. तो धूर कोणी फुग्यात भरून मोजत नाही. इंजिन जितकं तेल पितं त्यावरून त्याचा कार्बन ठरतो, म्हणून तेल नीट मोजलं की पुढचं गणित सोपं आहे.

भावनगरच्या जगुभाईंचं एकच जहाज, नाव 'वात्रक'. ते पोरबंदरहून क्लिंकर (ज्याची पूड करून सिमेंट करतात ते भाजलेले खडे) भरतं आणि खंभातच्या आखातात दहेजजवळच्या एका कंपनीच्या धक्क्यावर उतरवतं. त्या कंपनीने यंदा सांगून टाकलं की प्रत्येक टन माल आणताना किती कार्बन निघाला ते आम्ही बघणार, आणि आमच्या रेषेच्या वर असलेल्या जहाजाला पुढच्या वर्षी काम देणार नाही. वात्रक रेषेच्या बरंच वर होतं. जगुभाई माझ्या ऑफिसात येऊन बसले आणि म्हणाले, "शिर्केबेन, काम गयुं तो अलंगवाळो तैयार ज बेठो छे." अलंग म्हणजे भावनगरजवळचा तो किनारा, जिथे जहाजं मोडून त्यांचं भंगार करतात. जहाज गेलं की त्यावरची माणसंही घरी बसणार, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही आणि मला ते सांगायची गरज नव्हती.

मी त्यांना एकच उपाय सांगितला, सावकाश चला. जहाजाचा वेग आणि तेल यांचं नातं सरळ नसतं. समोरून वारा असताना सायकल हाणून बघा. थोडा वेग वाढवायला जीव जातो आणि थोडा कमी केला की गाणं म्हणता येतं. पाण्याचंही तसंच असतं. वेग चौथ्या हिश्शाने कमी केला तर त्याच अंतराला तेल निम्म्याच्या जरा वर लागतं, निदान गणितात तरी. जगुभाई हसले. मग मीटर लावून एक फेरी तशी करून बघायला तयार झाले, पण अट घातली, "तमे साथे जाव." त्यांना वाटलं असावं की बाई माघार घेईल. मी हट्टी आहे, हे माझ्या माहेरी आणि सासरी एकमताने मान्य झालेलं आहे. जगुभाईंना ते ठाऊक नव्हतं.

पोरबंदरला उतरले तेव्हा हवेत मीठ होतं आणि सगळ्या शहराला पांढऱ्या दगडाचा उजेड होता. स्टेशनबाहेर खाजली (खुसखुशीत, पापुद्र्यांची पोरबंदरी पुरी) घेतली आणि रिक्षात खात खात बंदर गाठलं. बंदरात मात्र सगळं राखाडी होतं. क्लिंकरची धूळ क्रेनवर, माणसांच्या भुवयांवर, कुत्र्याच्या पाठीवर, सगळीकडे बसलेली. वात्रक धक्क्याला लागून पोट भरून घेत होतं. त्याच्या पलीकडे तसंच दुसरं जहाज उभं होतं, 'सोमज्योत'. त्यातही त्याच कंपनीचा माल चढत होता.

शिडी चढून वर गेले तर पहिली गाठ भंडाऱ्याशी पडली. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. याचं नाव कानजी, गाव कोडिनार. त्याने नमस्कार करायच्या आधीच विचारलं, "बेन, मच्छी खाता?"

"खाते."

त्याचा चेहरा उजळला. आजवर जहाज तपासायला आलेले सगळे साहेब दह्यावर आणि दुधावर राहिले होते, आणि त्यांच्यासाठी वेगळा तवा ठेवून तो कंटाळला होता.

कॅप्टन तांडेल उंबरगावचे. अंगाने भक्कम, आवाजाने मऊ. उंबरगावकडे घराघरांतून मराठी आणि गुजराती एकाच ताटात वाढलेली असते, तशी त्यांची बोली होती. ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात ती वरची खोली) त्यांनी मला खुर्ची दिली आणि लगेच मुद्द्यावर आले.

"बेन, सावकाश चालायला मला काय त्रास नाय. मलापण शांत झोप लागेल ने. पण तिकडे दहेजला ज्याचा लंगर पहिला पडेल त्याचा नंबर पहिला. आणि धक्क्यावर एका भरतीला एकच जहाज लागतं. मी मागे राहिलो तर पाण्यात उभा राहणार."

"मग तुम्ही आजवर काय करता?"

"पळवतो. सगळेच पळवतात. पळवून तिथे जातो, लंगर टाकतो आणि उभा राहतो. कधी एक दिवस, कधी दोन."

एसटी फलाटाला लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं मी पाहिली होती. इथे हजारो टनांचं जहाज रुमाल टाकायला धावत होतं आणि त्या धावण्याला टाक्या टाक्या तेल जळत होतं. बरं, कोणाचं काम लवकर होतं असंही नाही. सगळेच धावतात आणि सगळेच थांबतात. कोणी सुरू केलं, कधी सुरू केलं, कॅप्टनलाही माहीत नव्हतं. त्यांच्या आधीचे कॅप्टन तसंच करत होते, एवढंच.

"या फेरीला आपण पळवायचं नाही," मी म्हणाले.

"शब्द दिला म्हणजे दिला," तांडेल म्हणाले. पण हे म्हणताना त्यांची नजर सोमज्योतवर होती.

दुपारच्या आत आम्ही सुटलो. सोमज्योतचं भरणं अजून चालू होतं, म्हणजे आम्ही पहिले निघालो. किनाऱ्यावरचा पांढरा दगड हळूहळू बारीक झाला, मग नुसती रेघ उरली. जहाज सावकाश चालतं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. इंजिनाचा आवाज खालून पायात येत होता, पण तो धडधडीचा नव्हता. दूर कुठे पिठाची गिरणी चालावी तसा. कॅप्टन म्हणाले, या जहाजावर ब्रिजवरचा चहाचा कप स्वतःहून सरकला नाही असं बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच घडतंय. मला मात्र तासाभरात चेवडा, खाजली आणि स्वाभिमान तिन्ही कठड्यावरून समुद्राला अर्पण करावे लागले. कानजीने लिंबू कापून दिलं आणि डोळे क्षितिजावर ठेवायला सांगितलं. घोड्यावर बसून आलेल्या पूर्वजांची मी मनात क्षमा मागितली.

संध्याकाळी मीटरचा आकडा पाहिला आणि ओकारी विसरले. इतकं कमी तेल. गणितात होतं त्याहूनही कमी. कॅप्टननी मालकाला फोन करून सांगितलं, कानजीने शिरा केला, आणि इंजिनिअरांचे प्रमुख, ज्यांना जहाजावर सगळे बडे साब म्हणतात, ते वर येऊन माझ्याशी हात मिळवून गेले. बडे साब केरळचे, फार कमी बोलणारे.

शिरा खाताना मला शिरा गोड लागेना. माझं मीटर मी ओळखते. ते खोटं बोलत नाही, पण त्याला जे दिसत नाही ते ते सांगू शकत नाही. मी उठून इंजिनरूममध्ये उतरले. खाली उष्णता अशी की चष्म्याची काडी कानाला चटका देत होती. तेलाच्या पाइपवर माझ्या मीटरला वळसा घालून जाणारी एक बाजूची वाट असते. मीटर तुंबलं तर इंजिन बंद पडू नये म्हणून ती ठेवतात. एरवी तिचा व्हॉल्व्ह बंद असायला हवा. तो अर्धा उघडा होता.

बडे साब माझ्यामागे उभे होते. त्यांना मी व्हॉल्व्ह दाखवला तर ते सहज म्हणाले, "मॅडम, आदत है. नया मीटर लगा तो थोडा खोल के रखता हूँ. इंजन भूखा नहीं रहना चाहिए."

समुद्रात इंजिन बंद पडणं म्हणजे काय हे ज्याने भोगलंय तो माणूस असंच वागणार. मला त्यांचा राग आला नाही. पण मोजल्याशिवाय गेलेलं तेलही जळलंच होतं. मी व्हॉल्व्ह बंद करून घेतला, टाकीत पट्टी सोडून सुरुवातीपासूनचं तेल पुन्हा मोजायला लावलं आणि आकडा दुरुस्त केला. तो वर चढला. तरीही चांगलाच होता, पण शिरा करण्याइतका राहिला नाही. कॅप्टन म्हणाले, "बेन, तो पहिला आकडा कंपनीला कळलाच नसता." मी म्हणाले, "मला कळला होता ने."

दुसऱ्या दिवशी दीव मागे टाकून आम्ही जाफराबादसमोर आलो. किनारा दिसत होता आणि समुद्रभर होड्या पसरल्या होत्या. ही बुमल्याची (बोंबलाची) माणसं. कानजीने पहाटेच एका होडीवाल्याशी दोरीला बादली बांधून व्यवहार केला होता, आणि दुपारी ताजे बोंबील रव्यात घोळून तव्यावर पडले. मासा इतका नाजूक की बोट लावलं तरी मोडावा. मी कालचं सगळं वसूल करून घेतलं. माझ्या हाताला अजून डिझेलचा वास येत होता आणि त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं.

जेवण चाललं होतं तेव्हाच मागे सोमज्योत दिसलं. आधी ठिपका, मग नाकासमोरचा पांढरा फेस, मग धुराड्यातून निघणारा काळा पट्टा. ते पूर्ण वेगात होतं. तासाभरात ते आमच्या बरोबरीला आलं आणि आमच्या उजव्या अंगाने पुढे निघून गेलं. जाताना त्याने एक भोंगा दिला. नियमाने द्यावा लागतो की नाही मला माहीत नाही, पण आमच्या ब्रिजवर तो कोणालाच नियमाचा वाटला नाही.

तांडेलांचा हात वेगाच्या दांड्यावर गेला होता. त्याच वेळी जगुभाईंचा फोन आला. त्यांना सोमज्योतच्या मालकाकडून बातमी लागली असावी. फोनमधून आवाज माझ्यापर्यंत येत होता, "भगावो, भगावो, नंबर जशे!" (पळवा, नंबर जाईल!) कॅप्टननी फोन कानापासून हातभर लांब धरला. "मालक, आवाज तुटतोय," ते म्हणाले, "समुद्रात रेंज नाय. नंतर बोलू." आणि फोन ठेवला. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या होत्या. हात दांड्यावरून खाली आला. मला त्या क्षणी या माणसाबद्दल फार माया वाटली.

तिसऱ्या दिवशी पाण्याचा रंग बदलला. खंभातचं आखात म्हणजे नद्यांनी आणलेला सगळा गाळ आणि त्याला ढवळणारी भरती-ओहोटी. पाणी दुधाच्या चहासारखं. जुवाळ (भरतीचा लोट) आला की नदीच्या पुरासारखा सुसाट धावतो आणि उतरला की तितक्याच जोरात समुद्राकडे ओढतो. तांडेलांनी लोट बरोबर धरला आणि शेवटचा पल्ला पाण्यानेच आम्हाला उचलून नेला. इंजिन जेमतेम फिरत होतं. मी मीटरकडे बघून मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

पण पुढे लंगरस्थळ होतं आणि तिथे सोमज्योत आधीच लंगर टाकून उभं होतं. धक्क्यावर तिसरंच जहाज होतं. आम्हीही लंगर टाकला. साखळीचा तो खडखडाट मला अजिबात आवडला नाही.

जहाज उभं राहिलं म्हणजे तेल थांबतं असं मला वाटलं होतं. थांबत नाही. दिवे, पंप, पंखे, कानजीचा फ्रीज, सगळ्यासाठी जनरेटर चालू ठेवावा लागतो. दोन दिवसांत कमावलेलं आम्ही आता बसल्या जागी हळूहळू खर्चत होतो. माझंच मीटर माझ्याच तोंडावर आकडा वाढवत होतं. समोर सोमज्योतच्या धुराड्यातूनही बारीक धूर निघत होता. ते पळून येऊन उभं होतं, आम्ही चालून येऊन उभे होतो. मला इतका संताप आला की मी डेकवर जाऊन दोन फेऱ्या मारल्या. मग फोन काढला.

कंपनीच्या धक्क्याचा कारभार हेतलबेन नावाच्या एक बाई बघतात. जहाजांचे नंबर त्या लावतात आणि जहाजांच्या कार्बनचा हिशोबही त्याच घेतात. मी माझी ओळख सांगितली. आम्ही पोरबंदरहून पहिले निघालो होतो, म्हणून पहिला नंबर आमचा धरावा, असंही सांगितलं.

"नंबर पुढेमागे करता येत नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "जो पहेलां आवे ए पहेलो. उद्या दुसरा कॅप्टन येऊन भांडेल."

"तुम्हाला कार्बन कमी हवाय ना?"

"हो तर."

"मग ही शर्यत कोण लावतं?"

"ते नंबरचं काम वेगळं आहे."

"आणि खुर्ची?"

त्या मग हसल्या. "खुर्ची तो एक ज छे." पुढे त्या सरळ बोलल्या. या फेरीचा नंबर बदलणार नाही. पण दोन्ही कॅप्टन आपसात राजी असतील तर पुढच्या फेरीपासून जहाज पोरबंदरहून सुटतानाच त्या भरतीची वेळ ठरवून देतील. पहिला सुटेल त्याला पहिली भरती. एक मात्र पक्कं. कोणी शब्द मोडून मध्ये घुसला किंवा धक्का रिकामा राहिला, तर त्याच दिवशी ही सोय बंद.

मी धावत ब्रिजवर गेले. तांडेलांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बामणियाशी मी बोलत नाय."

बामणिया म्हणजे सोमज्योतचे कॅप्टन, घोघ्याचे. दोघे तरुणपणी एकाच जहाजावर होते, एका ताटात जेवलेले. मग पुढे कधीतरी याच लंगरस्थळी बामणियांनी यांच्या नाकासमोरून आडवं जहाज घालून लंगर टाकला आणि नंबर मारला. टक्कर थोडक्यात चुकली होती. तेव्हापासून कामापुरता शब्द, त्यापलीकडे नाही.

"त्याला विचारायचं म्हणजे मी हरलो म्हणून सांगायचं," तांडेल म्हणाले. "हे रेडिओवर आहे, बेन. सगळी जहाजं ऐकतात."

मला त्यांनी आदल्या दिवशी सांगितलेलं आठवलं. त्यांचं आधीचं जहाज त्यांनीच अलंगला नेलं होतं. अलंगला जहाज ओढून नेत नाहीत. मोठ्या भरतीला कॅप्टन ते पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतो आणि मग इंजिन कायमचं बंद करतो. ते सांगताना त्यांनी चहा तसाच ठेवला होता. मी ते वापरायला नको होतं, पण वापरलं.

"ठीक आहे," मी म्हणाले. "मग वात्रकला तुम्हीच अलंगला घेऊन जा. तिथे पूर्ण वेग देता येईल तुम्हाला."

मला फार वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. त्यांनी खिडकीतून सोमज्योतकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि रेडिओ उचलला.

बोलणं गुजरातीत झालं. मी ते मराठीत देते.

"सोमज्योत, सोमज्योत, वात्रक. बामणिया, मी तांडेल."

"बोल." आवाज घोगरा होता.

"आपण इथे किती वर्षं पळतोय?"

"का? आज मागे राहिलास म्हणून विचारतोस?"

"मुद्दाम राहिलो. पुढच्या फेरीपासून ज्याचं जहाज आधी सुटेल त्याचा नंबर आधी. मागचा पुढे जाणार नाही. धक्केवाल्या बेन तयार आहेत. तुझं काय?"

रेडिओ खरखरत राहिला. आजूबाजूची जहाजं ऐकत असणार. कानजी जिन्यात उभा होता, हातात कांदा तसाच.

"तू पुढे असलास तर मी मागे येईन, असं म्हणतोस," बामणिया म्हणाले. "आणि मी पुढे असलो तर?"

"तर मी मागे येईन."

"तू? मागे?"

"मी मागे."

पुन्हा खरखर. मग तो घोगरा आवाज जरा वेगळा आला. "त्या दिवशी आडवा आलो होतो मी. मालक डोक्यावर बसला होता." आणि पुढे, "ठीक आहे. बघू तुझा शब्द."

तांडेलांनी रेडिओ जागेवर ठेवला आणि कानजीला ओरडून चहा मागितला. चहा नेहमीपेक्षा गोड झाला होता. कोणीच तक्रार केली नाही.

सोमज्योत पुढच्या भरतीला गेलं, आम्ही त्याच्या पुढच्या. धक्क्यावर हेतलबेन डोक्यावर हेल्मेट घालून स्वतः आल्या. माझ्या अर्ध्या वयाच्या, आणि चपळ. त्यांनी मीटर बघितलं, टाकी बघितली, सगळा हिशोब दोनदा केला. "चालणं पास," त्या म्हणाल्या, "उभं राहणं नापास. एकूण रेषेच्या जरासं वर." मी व्हॉल्व्हची गोष्ट त्यांना आधीच सांगितली होती. त्यांनी विचार करून एक फेरी आणखी दिली. त्या फेरीत रेषेखाली आलं तर वर्षभराचं काम, नाही तर नाही. जगुभाईंना मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "बेन, आ वखते पण साथे जशो ने?"

मी नाही म्हणाले. मी सोबत असताना नीट झालं, तर ते माझ्या धाकाने झालं असं होईल. वात्रकला पुढची सगळी वर्षं माझ्याशिवायच चालायचं होतं.

दहेजहून भरूच आणि तिथून महामार्गाने परतले. रस्ता ट्रकांनी भरलेला. करजणला ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली तेव्हा जमीन पायाखाली हलत असल्यासारखं वाटून मी टपरीचा खांब धरला. टपरीवाल्याने विचारलं, "बेन, तबियत ठीक छे?" मी म्हटलं, समुद्रावरून आलेय. त्याने माझ्याकडे, मग बडोद्याच्या पाटीकडे बघितलं आणि जास्त काही विचारलं नाही.

सुभानपुऱ्याच्या घरी आल्यावर सगळ्यांनी समुद्राबद्दल विचारलं. डॉल्फिन दिसले का, वादळ झालं का. मला सांगायला होतं ते वेगळंच. मी जन्मभर यंत्रं सुधारत आले. तेल वाचवायचं म्हणजे नवं इंजिन, नवा पंखा, नवं मीटर, असंच मला वाटायचं. ते सगळं लागतंच आणि त्यावर मी यापुढेही पोट भरणार आहे. पण या फेरीत जे तेल वाया जात होतं ते कुठल्याही यंत्रातून गळत नव्हतं. ते दोन माणसांच्या अबोल्यातून आणि एका न विचारलेल्या नियमातून जात होतं. तिथे माझं मीटर नुसतं बघत बसलं. असे नियम या किनाऱ्यावर किती असतील कोण जाणे, पण यापुढे जिथे मीटर लावायला जाईन तिथे आधी नंबर कसा लागतो ते विचारणार आहे. लोक कंटाळले तरी चालेल.

दुसऱ्या फेरीला सोमज्योत आधी सुटलं आणि वात्रक मागे. म्हणजे परीक्षा तांडेलांचीच होती. ते दिवस मी कारखान्यात कोणाशी धड बोलले नाही. कामगार माझ्या वाटेतून बाजूला होत होते. नवऱ्याने जेवताना एकदा विचारलं, "आता कुठे असेल गं जहाज?" आणि माझं तोंड बघून भाजीकडे वळला.

फोन आला तेव्हा मी मकरपुऱ्याहून घरी निघाले होते. स्कूटर बाजूला घेतली. तांडेल होते. मागे यंत्रांचा आणि क्रेनचा गोंगाट चालला होता.

"शिर्केबेन, धक्क्याला लागलोय. हेतलबेनने आकडा बघितला. रेषेखाली आहे, चांगला खाली. वर्षाचं काम दिलं. मालकाने अलंगवाल्याला फोन करून नाय म्हणून सांगितलं."

मी नुसतंच विचारलं, "आणि बामणिया?"

"तो आधी लागला, माल उतरवला, गेला. मी त्याच्या मागेच होतो सगळी वाट." एरवी मऊ बोलणारे तांडेल गोंगाटावर आवाज चढवून म्हणाले, "बेन, सरळ समुद्रातून आलो आणि सरळ धक्क्याला लागलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. या फेरीला माझा लंगर भिजलाच नाय."